उसाच्या वाढ्यांचा मुरघास: खरं काम दाबण्याचं

ऊसतोडणीच्या हंगामात वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, पायलीचे पन्नास, आणि मे महिन्यात गव्हाण रिकामी. म्हणून तोडणी चालू असतानाच मुरघास करून ठेवा, म्हणजे हिरवा चारा खड्ड्यात किंवा बॅगेत दाबून, हवाबंद करून आंबवा.

वाढे त्याच दिवशी तोडलेले, हिरवे घ्या. पाचट, म्हणजे वाळलेली पानं, बाजूला काढा. अर्धा ते पाऊण इंचाची कुट्टी करा.

गूळ घालायचा सल्ला ऐकू नका. वाढ्याच्या कोवळ्या कांड्यांत आंबायला लागणारी साखर असतेच. कमी असतात ती प्रथिनं, सुक्या वजनावर जेमतेम ५-६ टक्के. त्यासाठी टनाला ५ किलो युरिया १५ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून झारीने प्रत्येक थरावर सारखा शिंपडा. एकाच जागी जास्त पडला तर जनावराला विषबाधा होते. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना हा चारा देऊच नका.

आता दाबणं. पहिल्या वर्षी मी खड्डा तीन दिवस भरत होतो आणि शेवटी एकदाच वरून ट्रॅक्टर फिरवला. दोन महिन्यांनी उघडला तर दारूसारखा भपका आला, कडेला काळी बुरशी, गाईंनी तोंड फिरवलं. आत हवा राहिली की वाढ्यातल्या साखरेवर यीस्ट पोसतं आणि आंबटपणाऐवजी दारू तयार होते. वाढ्याची कुट्टी मक्यापेक्षा ताठ, दाबली तरी पुन्हा फुगते. म्हणून थर ६ इंचांपेक्षा जाड नको, आणि प्रत्येक थर दाबल्याशिवाय पुढचा टाकू नका. ट्रॅक्टरचं चाक कडेला आणि कोपऱ्यात पोहोचत नाही. तिथे माणसानेच तुडवायचं. टाच रुतली तर अजून दाबायचं. एका घनमीटरात ५०० किलोच्या वर माल बसला नाही तर दाब कमी पडला समजा. बॅग असली तरी हेच, आत उतरून कडा तुडवा. खड्डा एवढाच घ्या की एका दिवसात भरून झाकता येईल. माणसं कमी असतील तर लहान घ्या, पण अर्धा भरून रात्रभर उघडा ठेवू नका.

वरून जाड प्लॅस्टिक, त्यावर माती. ४५ दिवस हात लावायचा नाही.

चांगला मुरघास पिवळसर हिरवा, वासाला आंबूस. बुरशी दिसली तर तेवढा भाग फेका, मोह नको. गाईला रोज द्यायची सुरुवात २-३ किलोने, आठ-दहा दिवसांत १२-१५ किलोपर्यंत. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. गाईला रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण चुकवू नका. उघडल्यावर रोज तोंडाकडून किमान अर्ध्या फुटाचा काप सरळ काढा आणि प्लॅस्टिक लगेच ओढून घ्या.