दोन्ही साइड बॅक एकदम वर? या चुका टाळा

फुटबॉलमध्ये गोल खाल्ला की सगळे स्टॉपरकडे, म्हणजे मधल्या बचावपटूकडे बघतात. गोलकीपरला दोन शब्द ऐकवले जातात, स्टॉपरला चार. ज्या बाजूने चेंडू आत आला त्या बाजूचा साइड बॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, त्या वेळी समोरच्या कॉर्नरच्या झेंड्यापाशी कमरेवर हात ठेवून उभा असतो, आणि त्याला कोणी काही विचारत नाही. शालेय सामने, तालमींच्या स्पर्धा, नव्याने सुरू झालेल्या अकादम्या, सगळीकडे हे वर्षानुवर्षं चाललंय.

माझं म्हणणं एवढंच आहे. उजवा आक्रमक ठेवायचा की डावा, ही चर्चा नंतरची. आपल्या पायातून चेंडू गेला त्या क्षणी मागे किती जण होते आणि कुठे उभे होते, ते आधी मोजा. आक्रमक आणि बचावात्मक साइड बॅकचा मेळ त्या मोजणीत असतो, फळ्यावर काढलेल्या बाणांत नाही.

चूक: दोघांनाही एकाच चढाईत वर पाठवणं

सर्वांत महागात पडणारी चूक हीच, म्हणून तिच्यावर जास्त लिहितो.

सतरा वर्षांखालच्या मुलांचा एक उपांत्य सामना बघत होतो. शाळेचं नाव घेत नाही. संघ 1-0 ने पुढे, शेवटची काही मिनिटं बाकी. राइट बॅक पोरगा गुणी, पायात वेग, क्रॉसही (कडेवरून गोलसमोर मारलेला चेंडू) बरा. लाइनीवरून त्यांचे सर सारखे ओरडत होते, “वर जा, वर जा!” पोरगा गेला. त्याच वेळी लेफ्ट बॅकही लांबच्या पोस्टवर हेडर मारायला पोहोचला होता. सेकंड बॉलच्या, म्हणजे आदळून परत येणाऱ्या चेंडूच्या आशेने डिफेन्सिव्ह मिडफिल्डर बॉक्सच्या तोंडाशी आला होता. क्रॉस पहिल्याच बचावपटूच्या अंगावर गेला. त्याने छातीवर घेऊन लांब मारला. चेंडू मधल्या वर्तुळाच्या अलीकडे पडला तेव्हा तिथे या संघाचे दोन स्टॉपर आणि समोरच्यांचे तीन फॉरवर्ड होते.

त्यांच्या विंगरने, म्हणजे कडेच्या फॉरवर्डने, चेंडू राइट बॅकच्या रिकाम्या जागेत ढकलला. उजव्या बाजूच्या स्टॉपरने काय करावं? बाजूला गेला तर मधे त्याचा जोडीदार एकटा आणि समोर दोघं. मधेच थांबला तर विंगर आरामात आत येणार. तो अर्धा गेला आणि अर्धा थांबला. दोन पावलं बाहेर टाकली, मान वळवून मागे बघितलं, पुन्हा एक पाऊल आत घेतलं. तेवढ्यात कट-बॅक, म्हणजे गोललाइनीजवळून मागे दिलेला पास, आला आणि चेंडू जाळीत. 1-1. पुढच्या काही मिनिटांत अगदी तसाच दुसरा गोल, फक्त या वेळी डाव्या बाजूने. सामना गेला. बोलणी बसली ती स्टॉपरला, सगळ्यांसमोर. मला आजही त्याचा राग येतो, कारण त्या मुलाला कुठल्याच बाजूला जाऊन ते वाचवता आलं नसतं. चूक घडली होती ती पन्नास-साठ मीटर पुढे, दहा सेकंद आधी.

यावर माझी सवय सांगतो. सरावात आपल्या संघाची चढाई रंगात आली, चेंडू समोरच्यांच्या बॉक्सजवळ पोहोचला, की शिट्टी मारायची. सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. मग मुलांनीच मागे वळून मोजायचं. समोरच्यांचे जितके फॉरवर्ड वर थांबलेत त्यापेक्षा आपला एक जास्त मागे हवा. त्यांचे दोन, आपले तीन. त्यांचा एकच, तर आपले दोन चालतात. मोजणी चुकली तर ती चढाई रद्द आणि चेंडू समोरच्यांना. सुरुवातीला मुलं वैतागतात, कारण त्यांना गोल मारायचा असतो. त्यांना वैतागू द्यावं. आठवड्याभरात शिट्टीआधीच कोणीतरी ओरडायला लागतं, “मी मागं आहे, तू जा!” हे वाक्य मोठ्याने यायलाच हवं. मनातल्या मनात थांबलेला खेळाडू दुसऱ्या बाजूच्या साइड बॅकला दिसत नाही. दोघांच्या मधे मैदानाची सगळी रुंदी असते.

एक जातो, दुसरा थांबतो, ही युक्ती जुनीच आहे. 1960च्या दशकात प्रशिक्षक हेलेनियो हेरेरांच्या इंटर मिलानमध्ये डावीकडून जियाचिंतो फाकेत्ती थेट गोलपर्यंत धडकायचा आणि उजवीकडे बुर्निच घट्ट मागे राहायचा. 1970च्या वर्ल्डकपमधल्या ब्राझीलचंही तसंच. उजवीकडून कार्लोस आल्बेर्तो, डावीकडे एव्हेराल्दो थांबलेला. त्या वर्ल्डकपच्या इटलीविरुद्धच्या अंतिम सामन्यातला चौथा गोल सगळ्यांनी बघितलेला असतो, पण बघतात फक्त शेवटचा फटका. तो पुन्हा बघा. उजवा विंगर जैरझिन्यो डाव्या बाजूला गेलाय आणि त्याला मार्क करणारा फाकेत्ती त्याच्यामागे ओढला गेलाय. इटलीची ती बाजू मोकळी पडते, आणि पेलेने हळूच सरकवलेल्या चेंडूवर कार्लोस आल्बेर्तो येतो. ती जागा त्याला विंगरने करून दिली होती. आपल्याकडे विंगर लाइनीला चिकटून उभा, साइड बॅकही त्याच लाइनीने वर, आणि समोरचा एकच बचावपटू दोघांना सांभाळतो. ही वेगळी चूक म्हणून धरा. विंगरने आत सरकायचं, तेव्हाच साइड बॅकने बाहेरून जायचं.

दोघंही आक्रमक असलेच तर? मग मागचा आकार बदलावा लागतो. 2002च्या वर्ल्डकपला ब्राझीलचे प्रशिक्षक लुइझ फेलिपे स्कोलारींकडे काफू आणि रोबेर्तो कार्लोस होते. दोघांपैकी एकालाही मागे बांधून ठेवणं वेडेपणाचं झालं असतं, म्हणून त्यांनी तीन स्टॉपर खेळवले: लुसियो, एदमिल्सन आणि रॉक ज्युनियर. पुढे गिल्बेर्तो सिल्वा राखणीला. ब्राझीलने त्या वर्ल्डकपच्या सात सामन्यांत चारच गोल खाल्ले. हेच स्कोलारी 2014च्या वर्ल्डकपच्या उपांत्य सामन्यात बेलो होरिझोंतेला मैदानात उतरले ते मार्सेलो आणि मायकॉन हे दोन चढाईखोर साइड बॅक आणि दोनच स्टॉपर घेऊन. त्यातला नेहमीचा तियागो सिल्वा निलंबित होता. जर्मनीने 29 मिनिटांत पाच गोल केले. सगळं खापर साइड बॅकवर फोडणं बरोबर नाही. पहिला गोल कॉर्नरवर झाला आणि मधल्या फळीनेही चेंडू गमावले. पण चेंडू गेल्यावर मागे माणसं किती होती, हे त्या सामन्यात बघवत नाही.

चूक: मागे राहणाऱ्याला खुंटीला बांधणं

एकाला थांबवायचं ठरलं की काही प्रशिक्षक त्याला मध्यरेषा ओलांडायलाच बंदी घालतात. मग समोरचा संघ शहाणा असेल तर त्या मुलाला मोकळं सोडतो आणि चेंडू मुद्दाम त्याच्याकडे जाऊ देतो. त्याला पुढे जायचं नसतं, म्हणून तो परत स्टॉपरला देतो, स्टॉपर गोलकीपरला, आणि गोलकीपर लांब मारून चेंडू घालवतो. निम्मं मैदान आपणच बंद करून टाकलेलं असतं.

थांबणाऱ्याने आत सरकून थांबावं, लाइनीवर नाही. दोन स्टॉपरच्या शेजारी तिसरा होऊन. पेप गार्दिओला प्रशिक्षक म्हणून बार्सिलोनात आले तेव्हा उजवीकडून दानी आल्वेस विंगरसारखा वर राहायचा आणि डावीकडे एरिक आबिदाल आत येऊन तिसरा स्टॉपर व्हायचा. आबिदालला पुढे जाता येत नव्हतं असं नाही. कधी जायचं नाही, हे त्याला कळत होतं.

आणि कधी जायचं, हेही थांबणाऱ्याला कळायला हवं. 2018च्या वर्ल्डकपमध्ये फ्रान्सचे दोन्ही साइड बॅक, बेंजामिन पावार आणि लुका हर्नांडेझ, क्लबकडून स्टॉपर म्हणूनही खेळणारे. चढाईचं नाव घेताना त्यांची आठवण कोणी काढत नव्हतं. अर्जेंटिनाविरुद्ध 2-1 ने मागे असताना डावीकडून हर्नांडेझचा क्रॉस सगळ्यांना चुकवून पलीकडे गेला आणि बॉक्सबाहेरून पावारने तो थेट जाळीत मारला. मागे डिफेन्सिव्ह मिडफिल्डर कान्ते होता, दोन्ही स्टॉपर होते. मोजणी बरोबर असेल तर दुसऱ्यालाही जाता येतं.

चूक: टीव्हीवर बघून नक्कल

दोन्ही साइड बॅक वर पाठवायची खोड लिव्हरपूल या इंग्लिश क्लबने लावली. 2018-19च्या प्रीमियर लीगमध्ये त्यांचा राइट बॅक अलेक्झांडर-आर्नोल्डने 12 आणि लेफ्ट बॅक रॉबर्टसनने 11 गोलांना असिस्ट (गोलआधीचा शेवटचा पास) दिले. मोबाईलवर त्या क्रॉसच्या क्लिप बघून पोरं मैदानात येतात आणि काही प्रशिक्षकही. पण त्याच हंगामात लिव्हरपूलने 38 सामन्यांत 22च गोल खाल्ले, लीगमध्ये सर्वांत कमी. ते कसं जमलं, त्याची क्लिप निघत नाही. फाबिन्यो, हेंडरसन, वाइनाल्डम हे तिघं मधे राबत असायचे, साइड बॅक वर गेला की त्याच्या जागेत सरकायचे. मागे स्टॉपर व्हॅन डाइक होता, आणि चेंडू गेल्या गेल्या पुढचे तिघंही तुटून पडायचे. यातलं काहीच तुमच्याकडे नसेल तर फक्त साइड बॅकची धाव उचलू नका. नवशिक्यांना आधी फळ हवं असतं, मेहनत नंतर. या खेळात तो क्रम चालत नाही.

आणखी एक फॅशन आहे, साइड बॅकने मधे येऊन मिडफिल्डर व्हायचं. ज्या मुलाला पाठीवर माणूस असताना चेंडू घेऊन वळता येत नाही, त्याच्याकडून हे करवून घेऊ नका. बास.

चूक: सर्वांत कच्च्या मुलाला साइड बॅक करणं

याबद्दल मी शांतपणे बोलू शकत नाही. “याला कुठे टाकू? टाक साइडला.” असं म्हणणाऱ्यांनी एकदा मोजावं की साइड बॅक एका सामन्यात किती धावतो आणि किती वेळा एकटा विंगरसमोर उभा राहतो. उलट चांगले विंगर साइड बॅक करून बघा. गोव्याच्या मंदार राव देसाईचं उदाहरण आपल्या घरचं आहे. विंगर म्हणून खेळायचा, एफसी गोवाला प्रशिक्षक सर्जिओ लोबेरांनी त्याला लेफ्ट बॅक केलं, आणि 2020-21 मध्ये मुंबई सिटी इंडियन सुपर लीग (आयएसएल) जिंकली तेव्हा तो त्याच जागेवर खेळत होता. पुढे जाणं त्याच्या अंगात होतंच. मागे येणं शिकवता येतं, फक्त शिकवणाऱ्याकडे धीर हवा.

लहान, पण रोज दिसणाऱ्या

परतताना चेंडूमागे धावणं. चेंडू तुमच्यापेक्षा वेगात जातो. साइड बॅकने आपल्या जवळच्या पोस्टच्या दिशेने धावायचं, तिरकं, आत. वाटेत चेंडू आडवा आला तर ठीक.

धाव लवकर सुरू करणं. मिडफिल्डरने मान वर केल्याशिवाय ओव्हरलॅप (विंगरच्या बाहेरून पुढे धावणं) नको. लवकर निघालेला एकतर ऑफसाइड होतो किंवा उभा राहून चेंडू मागत बसतो.

दोन्ही बाजूंना उजव्या पायाचीच मुलं. डावखुरा मिळाला तर त्याला जपा.

पावसाळी मैदान विसरणं. मुंबईत शालेय सामने भर पावसात होतात. चिखलात परतायला नेहमीपेक्षा खूप जास्त वेळ लागतो आणि चेंडू मधेच अडकून थांबतो. अशा दिवशी एकच बाजू वर, आणि तीही मोजून.

दमलेल्याला तसाच सोडणं. साइड बॅक दमला की आधी त्याचं मागे येणं थांबतं. वर जाणं शेवटपर्यंत चालूच असतं. लाइनीवरून बघताना त्याच्या चढाया मोजू नका, परत येताना तो कुठून चालायला लागतो ते बघा. मध्यरेषेच्या पलीकडेच चालायला लागला की दोन्ही बाजूंची कामं बदला: आता दुसरा वर जाईल, हा थांबेल. सरावात दोघांनी दोन्ही कामं केलेली असतील तर बदली खेळाडू न वापरताही हे जमतं. विरोधी संघाचा वेगवान विंगर हाफ टाइमनंतर बाजू बदलून आला, तरी हाच उपाय.