काचबंद गॅलरीत झाडं: आधी ऊन बघा, मग रोप आणा

गॅलरीला काचा लावल्या की धूळ आणि कबुतरं थांबतात, पण आत आलेली उष्णता बाहेर पडत नाही. रोपं दगावतात ती बहुधा यामुळेच. म्हणून नर्सरीत जाण्याआधी गॅलरीत ऊन कुठे, किती तास येतं ते पाहा.

पूर्वेची गॅलरी सर्वांत चांगली. सकाळचं ऊन बहुतेक झाडांना मानवतं. पश्चिमेला एप्रिल-मेच्या दुपारी पानं करपतात. तिथे अडेनियम, कोरफड ठेवा आणि ५० टक्क्यांची शेडनेट (निम्मं ऊन अडवणारी जाळी) काचेच्या बाहेरून लावा. आतून लावल्यास उष्णता आत शिरलेलीच असते. दक्षिणेची गॅलरी मात्र फसवते. डिसेंबरात सूर्य खाली असल्याने ऊन पार आतल्या भिंतीपर्यंत पोचतं. पुण्या-मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तोच सूर्य दुपारी डोक्यावर किंवा किंचित उत्तरेला असतो, आणि वरच्या मजल्याच्या स्लॅबमुळे ऊन आत येतच नाही. हिवाळ्यातलं ऊन बघून आणलेला मोगरा मग ऐन बहरात कळ्या धरत नाही. उत्तरेला पीस लिली, झीझी, मनीप्लांट.

दहा लिटर मिश्रणासाठी धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ४, गांडूळखत ३, माती २ आणि परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खनिज दाणे) १ लिटर घ्या. वर मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट न धुता वापरलं तर त्यातल्या क्षारांनी पानांच्या कडा जळतात.

पाणी ठरल्या वेळी घालू नका. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच घाला. इथे पाऊस लागत नसल्याने खतांचे क्षार साठून मातीवर पांढरा थर येतो. दोन महिन्यांतून एकदा कुंडी बाथरूममध्ये नेऊन वरून घातलेलं पाणी खालच्या भोकांतून भरपूर वाहू द्या. बशीत साचलेलं पाणी लगेच ओता.

समोरासमोरच्या काचा वीतभर उघड्या ठेवा, पावसाळ्यातही. कोंदट हवेत बुरशी येते, उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत लाल कोळी ही रस शोषणारी बारीक कीड. पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) दिसला तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा द्रवरूप साबण मिसळून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला फवारा. ऊन असताना फवारलं तर पानं भाजतात.

टोमॅटो-मिरचीला फुलं येऊन गळत असतील तर आत वारा नाही, हेही कारण असतं. सकाळी फुलांच्या देठाला हलकी टिचकी मारा, पराग झडतो. काकडीची नर आणि मादी फुलं वेगळी असतात. तिथे मऊ कुंचल्याने पराग हातानेच लावावा लागतो.