जुन्या मिलिटरी जीपच्या टूल किटमधली हत्यारं खरी की खोटी, कसं ओळखायचं

आधी माझी फजिती सांगतो. एक कॉम्बिनेशन पकड घेतली होती, सहा इंची, काळपट, दांडीवर यू.एस. असा ठसा, विकणारा म्हणाला दुसऱ्या महायुद्धातल्या जीपची आहे आणि मी त्या दोन अक्षरांवर भाळलो. घरी येऊन भिंगाखाली धरली तर दांडीवर सगळीकडे गंजाने पडलेले बारीक खड्डे, पण अक्षरांच्या खोबणीच्या तळाला एकही खड्डा नाही, आतलं लोखंड गुळगुळीत. आणि अक्षरांच्या कडेने धातू उचलून वर आलेला, नख फिरवलं तर अडकतं. म्हणजे पकड जुनी, गंजही जुना, ठसा मात्र काल-परवाचा. इतकी वर्षं बाकीच्या लोखंडाबरोबर घासली गेली असती तर ती कड केव्हाच बसून गेली असती ना. वर यू सरळ आणि एस जरासा कललेला, कारण दोन अक्षरं दोन वेगळ्या पंचांनी हातोडी मारून उठवलेली. कारखान्याचा ठसा एकाच डायचा असतो, सगळी अक्षरं एका रेषेत आणि सारख्या खोलीची, फार तर डाय तिरका बसला तर सगळा ठसाच एका बाजूला फिका येतो.

त्यानंतर मी बघायची पद्धतच उलटी केली. हत्यार हातात आलं की हे खरं आहे का असं विचारतच नाही, त्या वर्षी त्या गाडीत असूच शकलं नसतं असं यात काही आहे का ते आधी शोधतो. तसं काही सापडलं की विषय संपला. नाही सापडलं तर पुढचं बघायचं.

त्यासाठी पहिल्यांदा गाडी आणि साल नक्की करा. नुसतं मिलिटरी जीप म्हणून भागत नाही, विलीस एमबी किंवा फोर्ड जीपीडब्ल्यू म्हणजे १९४१ ते ४५, एम३८ म्हणजे १९५० नंतर, एम१५१ म्हणजे १९६० नंतर, आणि एकीला जे हत्यार बरोबर तेच दुसरीला चूक असू शकतं. गाडीचं मॅन्युअल आणि पार्ट्सची यादी मिळवा. युद्धकाळातल्या जीपसाठी १९४४ चं टीएम ९-८०३ (टीएम म्हणजे सैन्याचं टेक्निकल मॅन्युअल) आणि एसएनएल, म्हणजे सैन्याची पार्ट्सची यादी, जी-५०३, थ्री-क्वार्टर टन डॉज असेल तर जी-५०२, जीएमसीचा अडीच टनी ट्रक असेल तर जी-५०८. किटमध्ये काय काय होतं आणि कुठल्या साइजचं होतं ते त्यात आहे. यादीतले स्टॉक नंबर ४१, मग एक इंग्रजी अक्षर, मग आकडा असे दिसतील, पान्याला डब्ल्यू आणि हातोडीला एच. हे नंबर यादीतले आहेत, हत्यारावर ते नसतील तर घाबरू नका.

आता बाद करायच्या खुणा. यातच सगळ्यात जास्त पैसे वाचतात म्हणून सविस्तर लिहितो.

गोलात आर अक्षर, म्हणजे रजिस्टर्ड ट्रेडमार्कची खूण. अमेरिकेत ही खूण १९४६ च्या ट्रेडमार्क कायद्याने आली, त्याआधी कंपन्या रेग. यू.एस. पॅट. ऑफ. असं लांबलचक लिहायच्या. त्यामुळे अमेरिकन पान्यावर गोलातला आर दिसला तर तो युद्धातल्या जीपचा नाही, विकणारा काहीही सांगो. ही खूण इतकी बारीक असते की फोटोत दिसतच नाही, म्हणून घेण्याआधी नावाच्या शेवटच्या अक्षराजवळचा क्लोजअप मागा.

मग ५१२० ने सुरू होणारा लांब नंबर. ५१२० हा अमेरिकन सरकारी कॅटलॉगमधला हातहत्यारांचा वर्ग, धार असलेल्या हत्यारांचा ५११०. अकरा आकडी नंबर १९५० च्या दशकात आले आणि १९७४ मध्ये त्यात मधे दोन आकडे वाढून तेरा झाले, अमेरिकन नंबरात ते दोन आकडे शून्य शून्य किंवा शून्य एक असतात. म्हणजे ५१२०-०० किंवा ५१२०-०१ असं दिसलं तर ते हत्यार ७४ च्या नंतरचं. तसंच डीएसएने सुरू होणारा काँट्रॅक्ट नंबर, डीएसए म्हणजे अमेरिकन सैन्याला माल पुरवणारी सरकारी एजन्सी, ती १९६१ मध्ये स्थापन झाली आणि ७७ मध्ये तिचं नाव डीएलए झालं. आता गंमत बघा, डीएसए असलेला पाना एमबी जीपच्या नावाखाली विकायला ठेवला असेल तर तो चुकीचा, पण तुमची गाडी साठच्या दशकातली एम१५१ असेल तर तोच पाना एकदम फिट.

पेटंट नंबर असेल तर तोही बघा. अमेरिकन पेटंटांचा वीस लाखावा नंबर १९३५ मध्ये दिला गेला आणि १९४६ सालचा पहिला नंबर होता २३,९१,८५६. यापेक्षा मोठा नंबर म्हणजे पेटंटच युद्धानंतर मिळालेलं. उलटं मात्र खरं नाही बरं का, लहान नंबर असला म्हणजे हत्यार जुनंच असं काही नाही, कंपन्या तोच डाय पुढे वर्षानुवर्षं चालवतात. आणि डिझाइन पेटंटचे नंबर वेगळे चालतात, ते बरेच लहान असतात, ते बघून हत्यार एकोणिसाव्या शतकातलं आहे म्हणून उड्या मारू नका.

यातून पास झालं की मेकर बघा. इथे लोक दोन टोकांच्या चुका करतात. काही जण यू.एस. नसलं की बाजूला फेकतात, मीही बार्कालोचा एक छान पाना असाच सोडला होता आणि अजून हळहळतो. गाडीच्या किटमधल्या भरपूर पान्यांवर यू.एस. नव्हतंच, फक्त कंपनीचं नाव आणि साइज, कारण सरकारने कंपन्यांचा चालू मालच उचलला होता. फेअरमाउंट, बार्कालो, व्लचेक, हरब्रँड, बॉनी, बिलिंग्ज, जे. एच. विल्यम्स ही नावं पान्यांवर शोधा, स्क्रू पान्यावर क्रेसेंट आणि डायमंड, पकडीवर क्रॉयटर, युटिका, डॅनियलसन. विल्यम्सची खूण म्हणजे चौकटच्या आकारात डब्ल्यू. बार्कालो ही तीच कंपनी जिच्या नावाने पुढे आरामखुर्च्या गाजल्या, आणि स्क्रू पानेवाल्या डायमंडचा, म्हणजे डायमंड कॅल्कचा, धंदा मुळात घोड्याच्या नालांचा होता.

एक घोळ नीट समजून घ्या. प्लंब नावाच्या दोन कंपन्या होत्या. फिलाडेल्फियाच्या कंपनीच्या स्पेलिंगमध्ये यू, ती कुऱ्हाडी आणि हातोड्या करायची. लॉस एंजेलिसच्या कंपनीच्या स्पेलिंगमध्ये ओ, ती पाने आणि सॉकेट करायची. नावावरून कोर्टबाजी झाली आणि ओवाल्यांनी १९४८ मध्ये प्रोटो हे नाव घेतलं. त्यामुळे प्रोटो लिहिलेलं काहीही एमबीच्या किटसाठी बाद.

दुसरं टोक म्हणजे फोर्डचं नाव. फोर्डचं वळणदार नाव असलेले पाने ढिगाने मिळतात आणि सरसकट जीपीडब्ल्यूचे म्हणून विकले जातात, पण त्यातले बरेचसे मॉडेल टी, मॉडेल ए अशा साध्या गाड्यांबरोबर आलेले असतात. नाव बरोबर म्हणून पाना बरोबर होत नाही, साइज आणि आकार यादीशी जुळवा.

साइजवरून आठवलं, माझी सगळ्यात आवडती तपासणी हीच. जीपच्या दुतोंडी पान्यांचा सेट पाचचा, ३/८ व ७/१६, १/२ व १९/३२, ९/१६ व ११/१६, ५/८ व २५/३२, ३/४ व ७/८. यातले १९/३२ आणि २५/३२ आजच्या सेटमध्ये सहसा सापडत नाहीत. कोणी जीपचा पूर्ण ओरिजिनल सेट म्हणून दाखवला आणि त्यात १/२ बरोबर ९/१६ आला तर समजा की कोणीतरी नंतरच्या पान्यांतून जमवलाय. आकड्यावर विश्वास ठेवू नका, व्हर्नियर लावा, तोंड कानसून मोठं केलेले पाने खूप फिरतात आणि कानसलेल्या जागी आडव्या रेघा दिसतात. प्लगचा पाना १३/१६ चा आणि हबच्या नटाचा २ १/८ इंची, हबचा मोठा पाना नसलेले किट फार बघितलेत, तो पहिला हरवतो.

फिनिशबद्दल बऱ्याच दंतकथा आहेत. युद्धात क्रोम आणि निकेल दुसरीकडे लागत होतं म्हणून हत्यारांवर काळा ऑक्साइड, फॉस्फेट, कॅडमियम नाहीतर नुसतं लोखंड असं यायला लागलं, हे बरोबर. पण त्यावरून काळा तो युद्धातला आणि चकचकीत तो नंतरचा असा नियम करू नका. युद्धाच्या सुरुवातीच्या गाड्यांना आधीचा प्लेटिंगवाला मालही जाऊ शकत होता आणि काळी फिनिश नंतरही वर्षानुवर्षं सैन्यात चालू होती. मी फिनिशला फक्त दुजोरा म्हणून धरतो. खोटी फिनिश ओळखायची तर खड्ड्यांत बघा, गंजलेला पाना साफ करून नव्याने काळा केला असेल तर खड्ड्याच्या आतही तोच एकसारखा काळा रंग दिसतो. खऱ्या जुन्या पान्यावर जिथे हात लागतो तिथली फिनिश उडालेली असते आणि तोंडाच्या मुळाशी, जिथे बोट पोचत नाही, तिथे टिकलेली असते.

ब्रिटिश गाडी असेल तर सगळा हिशोबच बदलतो. तिथे बाणाची खूण, म्हणजे सरकारी मालाचा ठसा, शोधायची, बरेचदा बाजूला साल. इंग्रजी सी अक्षराच्या आत बाण असेल तर कॅनडा, दोन डीच्या मधे बाण असेल तर ऑस्ट्रेलिया. ब्रिटिश बाण युद्धानंतरही चालू होता, म्हणून नुसत्या बाणावरून साल काढू नका. साइज व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापात, आणि इथे नवीन माणूस हमखास गोंधळतो कारण पान्यावरचा आकडा तोंडाचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो. १/४ व्हिटवर्थ पान्याचं तोंड भरतं ०.५२५ इंच, आणि तोच पाना ५/१६ बीएसएफला, म्हणजे बारीक आट्याच्या ब्रिटिश बोल्टला, बसतो म्हणून त्यावर दोन्ही आकडे असतात. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने १९४८ मध्ये एकच आटे ठरवल्यावर एएफवाले पाने, म्हणजे ज्यांच्यावर थेट तोंडाचं माप असतं ते, वाढत गेले, युद्धातल्या ब्रिटिश ट्रकच्या रोलमध्ये एएफचा पूर्ण सेट दिसला तर मी तरी शंका घेईन. कॅनडाच्या फोर्ड-शेवरोले ट्रकांना मात्र मुख्यतः अमेरिकन पद्धतीचे नटबोल्ट, तिथे व्हिटवर्थचा सेट उगाच.

जर्मन हत्यारांत सगळ्यात जास्त फसवणूक. हॅझेट किंवा डोविडाट कंपनीचा, डीआयएन ८९५ हा जर्मन स्टँडर्डचा नंबर लिहिलेला साधा जुना पाना घ्यायचा, त्यावर गरुडाचा नाहीतर वाफेनआम्टचा, म्हणजे जर्मन सैन्याच्या तपासणी खात्याचा, बारीक ठसा मारायचा आणि किंमत कित्येक पट. सैन्यात अशा खुणांशिवायचे साधे पानेही भरपूर वापरले गेले, त्यामुळे बिनठशाचा चांगला पाना मी ठसेवाल्यापेक्षा आधी घेतो. वेस्ट जर्मनी लिहिलेलं असेल तर प्रश्नच मिटला, तो देशच १९४९ मध्ये झाला.

जीपच्या ड्रायव्हरच्या बाजूला बाहेर कुऱ्हाड आणि फावडं लावलेलं असतं, तिथे दांडा बदललेला असेल तर काही बिघडत नाही, दांडे मोडतात आणि बदलतातच. पातं बघा. रंगाचे थर कोपऱ्यात खरवडलेल्या जागी दिसतात, ऑलिव्ह रंगाखाली आणखी ऑलिव्ह हे ठीक, पण ऑलिव्हखाली दुकानातला लाल किंवा निळा निघाला तर तो साधा माल नंतर रंगवलाय. आणि रंग ठशाच्या आत उतरलाय की ठसा रंग फोडून मारलाय ते बघा, रंग फोडून मारला असेल तर कडेला रंगाचे बारीक टवके उडालेले असतात.

ठसा वाचता येत नसेल तर कानस, ग्राइंडर, वायर व्हील यातलं काहीही लावू नका. रॉकेल आणि जुना टूथब्रश, मग कोरडं पुसून खोबणीत खडूची पूड चोळा, जास्तीची बोटाने पुसा आणि अंधारात टॉर्च अगदी आडवा धरून बघा. निम्म्या वेळा कंपनीचं नाव तिथेच उभं राहतं. कॅडमियमची शंका असेल, म्हणजे मळकट चंदेरी किंवा पिवळसर झाक असेल, तर कोरडं घासू नका, तापवू नका, ॲसिडमध्ये किंवा व्हिनेगरमध्ये बुडवू नका, त्याची धूळ आणि धूर विषारी असतो आणि फिनिश जाते ती वेगळीच. नुसतं तेलाचं फडकं फिरवा आणि हात धुवा.

ती पकड अजून माझ्याकडेच आहे. जबडा मस्त बसतो, रोज वापरात असते, फक्त टूल रोलच्या कप्प्यात जात नाही. तो कप्पा सध्या रिकामा आहे.