मैदानाला पाणी सारखं पडतंय का? डबे ठेवून बघा

डिचोलीकडच्या आमच्या फुटबॉल मैदानात जानेवारी उजाडला की गोलजवळ चिखल नि मधे पिवळं गवत. आम्ही आपले पंप जास्त वेळ चालवायचो. शुद्ध वेडेपणा!

1. सरळ कडांचे, एकाच मापाचे दहा-बारा रिकामे डबे स्प्रिंकलरांच्या मधल्या पट्ट्यात ठेवा.
2. पहाटे, वारा नसताना, 15 मिनिटं पाणी सोडा.
3. डब्यातलं पाणी पट्टीने मोजा. 1 मिमी म्हणजे चौरस मीटरला 1 लिटर.

आमच्या एका डब्यात 6 मिमी, शेजारच्यात जेमतेम 2. त्या बाजूच्या स्प्रिंकलरचं नोझल (पाणी फवारणारं तोंड) उघडलं तर आत चिऱ्याचा लाल खडा! जुन्या टूथब्रशने निघाला. तार मात्र खुपसू नका, भोक मोठं होऊन फवारा कायमचा बिघडतो.