बिग इयर करायचंय? गाडीच्या आधी कॅलेंडर काढा

बिग इयर म्हणजे १ जानेवारी ते ३१ डिसेंबर, ठरवलेल्या हद्दीत पक्ष्यांच्या जमतील तेवढ्या स्पीशीज, म्हणजे प्रजाती, बघायच्या. जग हीच हद्द धरणारेही आहेत, अमेरिकेच्या नोआ स्ट्रायकरने २०१५ ला ६,०४२ केल्या आणि पुढच्याच वर्षी नेदरलँड्सच्या आर्यन द्वार्शाउसने ६,८०० च्या वर जाऊन त्याला मागे टाकलं. आपल्याला नोकरी आहे, ईएमआय आहे, त्यामुळे आपण महाराष्ट्र धरू. राज्याच्या यादीत साडेपाचशेच्या वर स्पीशीज आहेत पण त्यातल्या बऱ्याच कधीतरी एखाद्या वेळी दिसलेल्या, त्यामुळे माझ्या मते पहिल्या प्रयत्नात तीनशे पार झाले तरी भारी, चारशेच्या मागे लागायचं तर घरच्यांशी आधीच बोलून घ्या.

नियम फार नाहीत. पक्षी जिवंत, जंगली आणि मोकळा पाहिजे. आवाज नक्की ओळखला असेल तर तोही चालतो, हे घुबडं आणि रातव्यांच्या बाबतीत लय कामाला येतं. पिंजऱ्यातून सुटलेला लव्हबर्ड चालत नाही, चौकातलं कबुतर चालतं. नोंदी ईबर्डवर (पक्षीनोंदींची वेबसाइट आणि ॲप) टाका, पहिल्या दिवसापासून, "नंतर एकदम भरतो" म्हणणाऱ्यांचं कधीच भरून होत नाही.

आता मुद्द्याचं. बहुतेक जण जानेवारीत सुसाट सुटतात, दर वीकेंडला भिगवण, परत नांदूर मधमेश्वर, परत भिगवण, आणि एप्रिलमध्ये दमून बसतात. पण जरा विचार करा, कॅलेंडर वर्षात हिवाळा दोनदा येतो. जानेवारी-फेब्रुवारीत पट्टकदंब हुकला तर डिसेंबरमध्ये परत चान्स आहे. पावसाळा मात्र एकदाच येतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचं पॅसेज, म्हणजे इथून पुढे जाणाऱ्या पक्ष्यांचं स्थलांतर, तेही एकदाच. म्हणून सुट्ट्या हिवाळ्यात उधळायच्या नाहीत, जून ते ऑक्टोबरसाठी राखून ठेवायच्या.

तरी जानेवारीत पाणथळी उरकाच. उजनीचं बॅकवॉटर, जायकवाडी, नांदूर मधमेश्वर (२०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, झालं ते हेच), आणि मुंबईकरांना ठाण्याची खाडी, भांडुप, उरण. बदकं आणि चिखलात चरणारे लांब पायांचे पक्षी, म्हणजे वेडर्स, एकाच फेरीत ढिगाने मिळतात. परतताना सासवड किंवा भिगवणच्या माळरानावर संध्याकाळी थांबा, धाविक, पखुर्डी आणि भोवत्यांचे दोन-तीन प्रकार तिथेच होऊन जातात. वेडर्स ओळखणं हा डोकेदुखीचा विषय आहे, सगळे करडे, सगळे लांब, त्यामुळे सरळ फोटो काढून ठेवा आणि घरी जाऊन निवांत भांडा.

मार्च ते मे लोक घरी बसतात कारण ऊन. पण सह्याद्रीतले रहिवासी पक्षी याच काळात बोलतात, आणि बोलला की सापडतो. महाबळेश्वरला विगर्सचा सूर्यपक्षी, आंबोली-तिळारीकडे मलबारी कर्णा आणि नशीब असेल तर फ्रॉगमाउथ (रातव्यासारखा निशाचर पक्षी), चिपळूण-दापोली पट्ट्यात धनेश. रात्री माळावर गाडी बंद करून नुसतं ऐकत बसलं तरी रातवे यादीत टिक होतात. मेळघाटचा रानपिंगळा पण उन्हाळ्यातच करा, पानगळीमुळे दिसायला सोपा जातो. शंभरेक वर्षं हा पक्षी कुणाला खात्रीने दिसलाच नव्हता, १९९७ मध्ये शहाद्याजवळ परत सापडला, त्यामुळे त्याच्यासाठी तेवढं रेल्वेचं तिकीट वसूल आहे.

मग जून. चातक येतो, नवरंग कोकणात ओरडायला लागतो, तिबोटी खंड्या रायगड-रत्नागिरीत घरटं करायला येतो. तिबोटीच्या घरट्यासमोर कॅमेऱ्यांची रांग लागते ती मला अजिबात पटत नाही, ओढ्यावर लांबून शीळ ऐकली तरी टिक होतेच ना? तेच तणमोराचं, अकोला-वाशिमकडे पावसाळ्यात येतो पण संख्या इतकी कमी आहे की त्याच्या मागे शेतात धावायचं नाही, लांबून दिसला तर दिसला. नान्नजचा माळढोक तर आता प्लॅनमध्ये धरूच नका. सारस मात्र गोंदियाच्या भातखाचरांजवळ रस्त्यावरूनच दिसू शकतो, त्यासाठी कुणाला त्रास द्यायची गरज नाही.

पावसाळ्यातच किनाऱ्यावर लॉटरी असते. वादळी वारा दोन-तीन दिवस पश्चिमेकडून सुटला की खोल समुद्रातले पक्षी, बूबी, फ्रिगेटबर्ड, सूटी टर्न वगैरे किनाऱ्याकडे ढकलले जातात, अशा वेळी वसई, रत्नागिरी किंवा जवळच्या कुठल्याही उंच कड्यावर दुर्बीण घेऊन उभं राहायचं. थकून वाळूवर पडलेला पक्षी दिसला तर आधी वनविभागाला फोन, आणि हो, खोक्यात घातलेला बूबी लिस्टमध्ये धरत नाहीत. बोटीने समुद्रात जायचं असेल तर जून-जुलै विसरा, मासेमारी बंदी असते, सप्टेंबरनंतर एखादी बोट शेअर करून ठरवा.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून महिनाभर मी म्हणेन रजा टाका. मध्य आशिया-युरोपातून आफ्रिकेकडे जाणारे पक्षी आपल्याकडे थोडेच दिवस थांबतात, युरोपियन रोलर, लाल पाठीचा खाटीक, ठिपकेवाला माशीमार. हे हिवाळ्यात मिळत नाहीत, लांबच्या जंगलातही मिळत नाहीत, तुमच्या गावाबाहेरच्या तारेवरच मिळतात. अमूर ससाणे थोडे उशिरा, नोव्हेंबरच्या आसपास, लोणावळ्याकडे आकाशात बघत राहा.

ईबर्डवर 'टार्गेट स्पीशीज' म्हणून सोय आहे, राज्य आणि महिना निवडला की तुम्हाला अजून न मिळालेले पक्षी कितपत दिसतात त्या क्रमाने येतात. मी दर महिन्याच्या सुरुवातीला ते बघून वीकेंड ठरवते. लोकल ग्रुपमध्ये कुणी "आज दिसला" टाकलं की त्याच दिवशी निघायचं, उद्यापर्यंत पक्षी थांबत नाही. पण रोज पाचशे किलोमीटर पळू नका, पेट्रोल संपतं आणि मजाही.

डिसेंबरमध्ये फक्त राहिलेलं वेचायचं, हिवाळ्यातले हुकलेले आणि घराजवळचे विसरलेले. ईबर्डची वार्षिक वर्गीकरणाची दुरुस्ती साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येते, एका स्पीशीजच्या दोन झाल्या किंवा दोनाची एक झाली तर तुमचा आकडा घरबसल्या वर-खाली होतो, घाबरू नका. दुर्मिळ नोंदींवर ईबर्डचे रिव्ह्यूअर (नोंदी तपासणारे) प्रश्न विचारतील, त्यांना फोटो किंवा आवाजाचं रेकॉर्डिंग द्या, तेही नसेल तर काय दिसलं ते नीट लिहा, पंखावरची पट्टी, चोचीचा रंग, उडायची पद्धत. नुसतं "माझा अनुभव आहे" म्हणून नोंद पास होत नाही.