दगडाचा खरा रंग: मुंबईच्या वारसा इमारतींची छायाचित्रे काढताना या चुका टाळा

मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई मनोऱ्याची निरनिराळ्या लोकांनी काढलेली छायाचित्रे शेजारी ठेवली, तर त्यांत दगड कुठे राखाडी, कुठे गुलाबी, तर कुठे हळदीसारखा पिवळा दिसतो. प्रत्यक्षात १८७८ साली पूर्ण झालेला हा मनोरा कुर्ल्याच्या फिकट बदामी दगडाचा आहे. मुंबईच्या जुन्या इमारतींची ओळख बव्हंशी त्यांच्या दगडावर उभी आहे. कुर्ल्याचा दगड, मालाडचा पिवळा दगड, पोरबंदरचा फिकट चुनखडक आणि काळा बेसाल्ट यांतील भेद छायाचित्रात उरला नाही, तर इमारतीचा आकार तेवढा नोंदला जातो आणि तिचे द्रव्य हरवते. म्हणून रंगाच्या चुका ही केवळ सौंदर्याची बाब मानू नये.

पहिली चूक कॅमेरा पिशवीतून काढण्याआधीच होते, ती म्हणजे इमारतीची दिशा न पाहता वेळ ठरवणे. ओव्हल मैदानाच्या पूर्वेकडील उच्च न्यायालय आणि विद्यापीठाच्या इमारतींचे मैदानाकडील दर्शनी भाग पश्चिमेकडे तोंड करून आहेत, तर मैदानापलीकडच्या आर्ट डेको इमारती पूर्वाभिमुख आहेत. २०१८ साली युनेस्कोच्या यादीत आलेल्या या परिसरात सकाळची कोवळी उन्हे आर्ट डेको इमारतींवर पडतात आणि त्याच वेळी न्यायालय व विद्यापीठाच्या गॉथिक इमारती स्वतःच्याच सावलीत असतात. सावलीतील दगडावर सूर्याचा नव्हे, तर निळ्या आकाशाचा प्रकाश पडत असतो आणि त्याचे रंगतापमान (प्रकाशाच्या छटेचे माप, आकडा जितका मोठा तितका प्रकाश निळसर) ७००० ते ८००० केल्विन किंवा त्याहूनही अधिक असू शकते. सकाळी काढलेला मनोरा निळसर आला, तर दोष कॅमेऱ्याचा नाही. हिवाळ्यात दुपारी दोन ते चारच्या दरम्यान ऊन या दर्शनी भागांवर तिरपे पडते, नक्षीकामाला उठाव येतो आणि प्रकाश अजून सोनेरी झालेला नसतो. मला हीच वेळ रंगाच्या नोंदीसाठी सर्वांत विश्वासार्ह वाटते.

संध्याकाळच्या सोनेरी प्रकाशाचा मोह समजण्यासारखा आहे आणि त्यात गैर काही नाही. परंतु ते छायाचित्र त्या संध्याकाळचे असते, दगडाचे नव्हे. त्या चित्रातील सोनेरीपणा संगणकावर पूर्णपणे पुसून दगडाचा ‘मूळ’ रंग काढू पाहणे ही उलट्या बाजूची चूक आहे, कारण तसे केल्यावर सावल्या अनैसर्गिक निळ्या होतात आणि आकाश खोटे दिसू लागते.

ऑटो व्हाइट बॅलन्स पिवळ्या दगडापुढे का फसतो

व्हाइट बॅलन्स म्हणजे प्रकाशाची छटा वजा करून पांढरे पांढरेच दाखवणारी कॅमेऱ्याची सोय. ती स्वयंचलित असताना ढोबळपणे असे गृहीत धरते की, दृश्यातील सर्व रंगांची सरासरी राखाडीच्या जवळ असावी. रस्त्यावरच्या गर्दीत हे गृहीतक बऱ्यापैकी टिकते. डेव्हिड ससून ग्रंथालयासमोर (१८७०) उभे राहून मालाडच्या पिवळ्या दगडाने चौकट भरली, की कॅमेरा त्या पिवळेपणालाच प्रकाशाचा दोष समजतो आणि निळा मिसळून तो दूर करतो. दगड निस्तेज, सिमेंटसारखा दिसतो. मग संपादन करताना सॅच्युरेशन, म्हणजे रंगांची तीव्रता, वाढवले जाते, त्यामुळे दगड तर सुधारत नाहीच, उलट आकाश, झाडे आणि पाट्या भडक होतात. शिवाय चौकट थोडी हलवून निळे आकाश अधिक घेतले, तर तीच इमारत पुढच्या छायाचित्रात वेगळ्या रंगाची येते. एका इमारतीची मालिका काढताना हा दोष सर्वाधिक जाणवतो.

उपाय असा की, उन्हात काम करताना व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर किंवा ५५०० केल्विनच्या आसपास स्थिर ठेवावा, रॉ स्वरूपात (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) छायाचित्रण करावे आणि त्याच प्रकाशात ग्रे कार्डाचे, म्हणजे तटस्थ राखाडी रंगाच्या कार्डाचे, एक छायाचित्र घ्यावे. कार्ड कसे धरावे याकडे मात्र फारच दुर्लक्ष होते. कार्ड इमारतीच्या दर्शनी भागाला समांतर आणि त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशातच असले पाहिजे. इमारत उन्हात आणि आपण रस्त्यापलीकडे झाडाखाली उभे, अशा स्थितीत धरलेले कार्ड पानांतून गाळून आलेला हिरवट प्रकाश मोजते, आणि त्यावरून केलेली दुरुस्ती दगडाला गुलाबी छटा देते. कार्डाऐवजी कोरा पांढरा कागद वापरणेही टाळावे, कारण बहुतेक कागदांत शुभ्रता वाढवणारी द्रव्ये असतात, ती अतिनील किरणांत निळसर चमकतात आणि मोजमाप बिघडवतात.

कार्ड नसले, की अनेकजण संपादनातील ड्रॉपर (ज्या जागी टेकवू ती जागा तटस्थ राखाडी मानून सारे रंग बदलणारे साधन) काळ्या दगडावर टेकवतात. जॉर्ज विटेट यांनी रचलेल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीत करडा बेसाल्ट आणि मालाडचा पिवळसर दगड एकत्र आहेत, त्यामुळे तिथे हा मोह विशेष होतो. परंतु बेसाल्ट तटस्थ करडा नसतो, त्याला बहुधा निळसर किंवा हिरवट झाक असते. ती झाक शून्य करण्यासाठी संगणक संपूर्ण चित्रात पिवळा-तांबडा मिसळतो आणि शेजारचा मालाडचा दगड नारिंगी होतो. या दोन दगडांतील थंड-उबदार फरक चित्रात स्पष्ट जाणवत नसेल, तर व्हाइट बॅलन्स चुकला आहे असे समजण्यास हरकत नाही.

अर्धी इमारत उन्हात आणि अर्धी सावलीत असेल, तर एकच व्हाइट बॅलन्स दोन्हीकडे लागू पडणार नाही. अशा वेळी उन्हाचा भाग प्रमाण धरावा आणि सावलीच्या भागातील निळेपणा मास्क लावून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, थोडासाच कमी करावा. पूर्ण घालवला, तर सावली सावली वाटत नाही. झाडांच्या जवळच्या भिंतींवर हिरवट छटा राहते, ती केल्विनच्या पट्टीने जात नाही, त्यासाठी टिंटची (हिरवा-किरमिजी समतोलाची) पट्टी किंचित किरमिजीकडे सरकवावी लागते.

लाल रंग आणि एक्स्पोजर

इरॉस चित्रपटगृहाच्या (१९३८) दर्शनी भागात आग्र्याचा लाल वालुकाश्म आणि फिकट क्रीम रंग शेजारी शेजारी आहेत. उन्हात फिकट भाग उजळ यावा म्हणून एक्स्पोजर वाढवले, तर चित्र ज्या लाल, हिरव्या व निळ्या वाहिन्यांनी बनते त्यांतील लाल वाहिनी आपल्या मर्यादेला पोहोचते, हिरवी आणि निळी मात्र वाढत राहतात. परिणामी लाल दगड नारिंगीकडे झुकतो आणि त्याचा पोत नाहीसा होतो. एकत्रित हिस्टोग्राम (चित्रातील उजळपणाचा आलेख) हे दाखवीलच असे नाही, म्हणून तिन्ही रंगांचे वेगवेगळे हिस्टोग्राम पाहण्याची सवय लावावी आणि एक्स्पोजर थोडे कमीच ठेवावे.

पावसाळ्यातील आणि उन्हाळ्यातील चित्रांची तुलना करताना दगड कोरडा होता की ओला, हे आधी पाहावे. पाणी दगडाच्या रंध्रांत भरले, की पृष्ठभागावरून विखुरणारा प्रकाश कमी होतो, बेसाल्ट जवळजवळ काळा होतो आणि पिवळा दगड मधासारखा गडद होतो. हिवाळ्यातील धुरक्यावर संपादनातील ‘डीहेझ’ या धुरके कमी करणाऱ्या पट्टीचा मारा करण्यापेक्षा इमारतीजवळ जाणे चांगले, कारण ती पट्टी धुरक्याबरोबर रंगांची तीव्रताही वाढवते. पोलरायझर हा लेन्सवर लावायचा फिल्टर काचांवरील चमक कमी करण्यास उपयोगी आहे, मात्र रुंद कोनाच्या लेन्सवर तो आकाशात एक गडद डाग निर्माण करतो.

रात्रीच्या छायाचित्रांबाबत अपेक्षाच मर्यादित ठेवाव्यात. सोडियम दिव्यांच्या प्रकाशात निळ्या भागाच्या लहरी फारच थोड्या असतात, आणि जो रंग प्रकाशात नाही तो कोणत्याही संपादनाने दगडात परत आणता येत नाही. विशेष प्रसंगी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर तिरंगी रोषणाई होते, तेव्हा चित्रात दिव्यांचा रंग येतो, दगडाचा नव्हे, आणि तो तसाच ठेवणे प्रामाणिकपणाचे आहे. सूर्यास्तानंतरच्या वीस-पंचवीस मिनिटांत आकाशाचा उजेड शिल्लक असताना काढलेल्या चित्रात दिव्यांचा आणि दगडाचा रंग या दोन्हींचा मेळ बरा बसतो. एलईडी दिव्यांमुळे चित्रात आडवे पट्टे येत असतील, तर शटरचा वेग १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवून पाहावा, कारण आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात.

जुन्या छायाचित्राशी रंग जुळवू नका

ही चूक सर्वांत अभ्यासू लोकांकडून होते. खात्री करण्यासाठी ते इमारतीचे जुने चांगले छायाचित्र शोधतात आणि आपले चित्र त्याच्या रंगाशी जुळवतात. परंतु इमारतच बदललेली असते. फ्लोरा फाउंटन (१८६४) पोर्टलंड दगडाचे (इंग्लंडमधील फिकट चुनखडकाचे) आहे. त्यावर वर्षानुवर्षे चढलेले रंगाचे थर २०१९ मध्ये पूर्ण झालेल्या जतनकार्यात काढले गेले, त्यामुळे त्याआधीच्या चित्रांतील पांढरेपणा बराचसा रंगाचा आहे. काळा घोड्याजवळील केनेसेथ इलियाहू सिनेगॉग कित्येक वर्षे फिकट आकाशी दिसत असे, २०१९ च्या जीर्णोद्धारानंतर त्याने गडद निळा रंग धारण केला. राजाबाई मनोऱ्याचेही जतनकार्य २०१५ मध्ये पूर्ण झाले, तेव्हा त्याआधीची काजळीची पुटे आजच्या चित्रात शोधू नयेत. दोन्ही काळांतील चित्रे आपापल्या जागी खरी आहेत आणि म्हणूनच प्रत्येकासोबत तारीख टिकवणे आवश्यक आहे.

पडद्याबाबत थोडक्यात सांगायचे, तर संपादनापूर्वी ‘नाइट लाइट’सारख्या सुविधा बंद कराव्यात, पडदा कॅलिब्रेट करावा (त्याचे रंग प्रमाणाशी जुळवून घ्यावेत) आणि आंतरजालासाठी चित्र एसआरजीबी या प्रमाण रंगपद्धतीच्या प्रोफाइलसह निर्यात करावे. अडोबी आरजीबी या अधिक विस्तृत रंगपद्धतीतील चित्र प्रोफाइलशिवाय चढवले, तर अनेक ठिकाणी ते फिके दिसते. मोबाइलवर काढणाऱ्यांनी रंग भडक करणारे मोड बंद ठेवून, सोय असल्यास रॉ वापरावे.

ज्यांना काम नोंदीच्या दर्जाचे करायचे आहे, त्यांनी प्रत्येक प्रकाशस्थितीत २४ चौकटींच्या कलर चेकरचे, म्हणजे ठरावीक रंगांच्या तक्त्याचे, एक छायाचित्र घ्यावे आणि त्यावरून कॅमेऱ्याचे प्रोफाइल बनवावे. मूळ रॉ फाइल व चेकरचे छायाचित्र एकाच फोल्डरमध्ये ठेवावे, आणि फाइलच्या माहितीत वेळ, हवामान, दगड ओला की कोरडा, तसेच दर्शनी भागाची दिशा लिहून ठेवावी.