गुलमर्गचा कोरा बर्फ: पावडरमध्ये स्की कशी करावी आणि ती शोधावी कुठे

मशीननं दाबलेल्या उतारावर सफाईदार वळणं घेणारा माणूस मांडीभर ताज्या बर्फात पहिल्याच वळणाला कोलमडतो, याचं कारण साधं आहे. दाबलेल्या उतारावर स्कीची कडा रुतते आणि त्या आधारावर आपण वळतो. पावडरमध्ये, म्हणजे अशा सुट्या ताज्या बर्फात, कडेला धरायला काहीच नसतं. तिथे स्कीचा पूर्ण तळवा बर्फावर दाब देतो, बर्फ उलटा दाब देतो आणि त्यावर आपण तरंगतो. त्यासाठी वेग लागतो आणि दोन्ही पाय एकत्र चालावे लागतात. बाकी सगळं तंत्र या दोन गोष्टींभोवती आहे.

डोंगराची मांडणी

गुलमर्गचं मैदान साधारण २,६५० मीटरवर आहे. १९९८ साली सुरू झालेला गोंडोलाचा, म्हणजे तारेवरच्या पाळण्यांचा, पहिला टप्पा तिथून कोंगडोरीला, सुमारे ३,०५० मीटरवर नेतो. २००५ पासूनचा दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटरवर सोडतो. म्हणजे वरून कोंगडोरीपर्यंत एका दमात ९०० मीटरची उतरण मिळते. कोंगडोरीहून मेरीज शोल्डरकडे जाणारी चेअरलिफ्ट आहे. ती चालू असेल त्या दिवशी मधल्या उतारांवर सरावाला फार उपयोगी पडते.

दुसऱ्या टप्प्याच्या तारांखालचा खोलगट उतार गस्तीपथकाच्या देखरेखीखाली असतो. धोकादायक बर्फ स्फोटकांनी आधीच पाडून मग तो उघडतात. त्याची हद्द दाखवणाऱ्या दोरीपलीकडे अफरवटची जी लांबलचक धार दिसते, तिथे कुणी बर्फ पाडलेला नसतो आणि कुणी गस्तही घालत नाही. गोंडोलातून उतरून पाच मिनिटं आडवं गेलं की आपण थेट रानात असतो. युरोपातल्या मोठ्या रिसॉर्टची सवय असलेल्यांची इथे सगळ्यात जास्त फसगत होते.

मुंबई-पुण्याहून विमानानं येऊन दुसऱ्याच दिवशी ३,९५० मीटरवर जाऊ नका. गुलमर्गला निदान दोन रात्री काढा, तेवढ्यात खालच्या उतारांवर पाय मोकळे होतात. आणि महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही. पोस्टपेड असलेलाच फोन डोंगरावर कामाचा.

सामान

स्कीची मधली रुंदी १०५ ते ११५ मिलिमीटर घ्या, आणि पुढचं टोक लवकर वर उचललेलं हवं, म्हणजे ते बर्फात घुसत नाही. ७५-८० मिलिमीटरच्या अरुंद स्कीवरही पावडर करता येते, पण शिकणाऱ्याला ती शिक्षा आहे. लांबी आपल्या उंचीइतकी किंवा पाचेक सेंटिमीटर कमी. भाड्यानं घेताना बाइंडिंगचा (बूट स्कीला धरणाऱ्या चापाचा) किती जोरानं सुटायचं तो आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्की येण्याची पातळी सांगून समोरच लावून घ्या. आधीच्या गिऱ्हाइकासाठी लावलेला आकडा तसाच ठेवून स्की हातात देणं सर्रास चालतं. पोलला (हातातल्या काठीला) मोठ्या चकत्या हव्यात, नाहीतर पोल मुठीपर्यंत आत जातो आणि तोल नेतो. ढगाळ उजेडासाठी गॉगलची फिकट काच वेगळी ठेवा.

स्कीला पायाशी बांधणारा पट्टा पावडरमध्ये लावू नका. पडल्यावर सुटलेली स्की त्या पट्ट्यावर गरगरते आणि डोक्यात बसते. त्याऐवजी दीड मीटरची भडक रंगाची फीत बाइंडिंगला बांधून पँटच्या पायघोळात खोचा. स्की पुरली गेली तरी फीत वर दिसते.

पायऱ्या

पावडरकडे वळण्याआधी मध्यम उतारावर दोन्ही स्की समांतर ठेवून वळता आणि दोन्ही बाजूंना थांबता यायला हवं. अजून स्कीची टोकं जुळवून, मागे फाकवून वेग कमी करत असाल तर थांबा. खोल बर्फात फाकलेल्या दोन स्की दोन दिशांना ओढल्या जातात आणि पीळ गुडघ्याला बसतो.

सुरुवात दाबलेल्या उताराच्या काठावर करा, जिथे ताजा बर्फ १०-१५ सेंटिमीटरच आहे आणि खाली घट्ट थर लागतो. उतार २० अंशांच्या आसपास हवा. त्याहून सपाट जागी बर्फच ब्रेक लावतो आणि माणूस जागीच उभा राहतो.

आधी नुसतं सरळ खाली जा, वळूच नका. जाताना गुडघे आणि घोटे वाकवून बर्फ दाबा, मग सोडा, परत दाबा. झोपाळ्यावर झोका चढवताना पाय मारतो तशी ही लय आहे: दाबल्यावर स्की खाली जाते, सोडल्यावर बर्फ तिला वर ढकलतो. ती वर आलेली असते तो क्षण वळायचा. लय अंगात बसेपर्यंत याच उतारावर राहा. इथे घाई केली तर पुढचे सगळे दिवस चुकीची सवय मोडण्यात जातात.

मग वळण. चार-पाच मीटर सरळ सुटा, स्की वर तरंगू द्या. उभ्या जागेवरून पहिलंच वळण घ्यायला जाणं ही नवख्यांची ठरलेली चूक, कारण तेव्हा स्की बर्फाच्या तळाशी असतात. वेग आला की दाबा, सोडा, आणि वर येताना दोन्ही पाय एकदम, सावकाश वळवा. टाचा झटक्यानं बाजूला फेकू नका. आडव्या झालेल्या स्कीसमोर बर्फाचा ढीग साचतो, स्की जागीच थबकते आणि वरचं अंग उताराच्या दिशेनं पुढे जातं. वळण गोल असेल तर वेग आपोआप आटोक्यात राहतो.

वजन दोन्ही पायांवर जवळजवळ सारखं ठेवा. दाबलेल्या उतारावर बाहेरच्या पायावर भार टाकायला शिकलेलो असतो. इथे तसं केलं की बाहेरची स्की बुडते, आतली तरंगते आणि दोघींची फारकत होते. पाय जवळ घ्या, दोन बुटांमध्ये एक मूठ मावेल इतकंच अंतर.

मागे रेलून बसा, हा सल्ला जो तो देतो. तो मनावर घेऊ नका. मागे बसलं की पहिल्या काही वळणांत मांड्या पेटतात, स्कीची टोकं हलकी होऊन भरकटतात आणि वळवायला ताकद उरत नाही. भार तळपायाच्या मधोमध आणि नडगीचा बुटाच्या पुढच्या भागाला हलका स्पर्श, एवढं पुरतं. टोकं वर ठेवायचं काम वेग आणि रुंद स्की करतात. हात पुढे, नजरेच्या कोपऱ्यात दिसतील असे. पोल प्रत्येक वळणाआधी टेकवा, लय हातानंच सांभाळली जाते.

दुपारनंतर बर्फ जड होतो. तेव्हा वळणं मोठी घ्या, दाबणं-सोडणं जास्त ठळक करा आणि पाय थकले की थांबा. गुडघ्याच्या दुखापती थकलेल्या पायांवर, शेवटच्या फेरीत फार होतात.

पडल्यावर

हात टेकून उठायला गेलात तर हात खांद्यापर्यंत आत जाईल. आधी दोन्ही स्की आपल्या खालच्या बाजूला, उताराला आडव्या आणा. दोन्ही पोल फुलीसारखे बर्फावर आडवे ठेवा आणि फुलीच्या मध्यावर जोर देऊन उठा.

स्की निघाली असेल तर परत घालण्याआधी बुटाचा तळवा नीट बघा. टाचेखाली आणि अंगठ्याखाली बर्फाचा कडक गोळा चिकटलेला असतो. तो तसाच राहिला तर बाइंडिंग ‘खट्’ वाजतं, पण बूट पूर्ण बसलेला नसतो आणि दोन वळणांनंतर ऐन वेगात स्की निघते. पोलच्या टोकानं गोळा खरवडून काढा, बाइंडिंगमधलाही बर्फ काढा. पायांनी तुडवून आडवी, सपाट जागा करा. उताराच्या खालच्या बाजूची स्की आधी घाला, मग वरची. घातल्यावर टाच उचलून ओढून बघा.

हरवलेली स्की शोधायची पद्धत ठरलेली आहे. जिथे ती पायातून निघाली, तिथे पोल रोवून खूण करा. खोल बर्फात स्की सहसा फार लांब जात नाही, माणूस मात्र घरंगळत खाली येतो. म्हणून शोध आपण थांबलो तिथून नव्हे, त्या खुणेपासून आणि तिच्या थोडं वरून सुरू करा. दुसऱ्या स्कीचं शेपूट बर्फात खुपसून उताराला आडव्या रेघा ओढत या, दोन रेघांत हातभर अंतर ठेवून.

कोरा बर्फ कुठे उरतो

काश्मीरमध्ये हिवाळी बर्फ पश्चिमी विक्षोभांबरोबर, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवेबरोबर, येतो. एक-दोन दिवस कोसळतो, मग उघडीप. चिल्लई कलानचे ४० दिवस, म्हणजे साधारण २१ डिसेंबर ते ३० जानेवारी, सर्वांत थंड. बर्फाचा साठा मात्र फेब्रुवारीपर्यंत भरत जातो.

बर्फ पडत असताना वरचा टप्पा बंद असतो, आणि चालू असला तरी वर उजेड इतका पांढराफटक असतो की उतार दिसत नाही. तो दिवस पहिल्या टप्प्याच्या आसपासच्या जंगलात काढा. झाडांमुळे वारा अडतो आणि डोळ्यांना खोली कळते. बहुतेक लोक वरचा टप्पा उघडण्याची वाट पाहत हॉटेलात बसतात, त्यामुळे जंगल दिवसभर कोरं राहतं. अशा दिवसाला कमी लेखू नका.

वरचा टप्पा उघडला की तारांखालचा उतार दोन-तीन तासांत उभा-आडवा खणला जातो. रांगेत लवकर असाल तर पहिल्या दोन फेऱ्या तिथेच घ्या. नंतर त्याच उताराच्या कडा बघा: कठड्यांच्या मागे, दोन वाटांच्या मधल्या पट्ट्यात, जिथे थोडं आडवं चालावं लागतं तिथे. गर्दी सरळ खाली जाते, दहा मिनिटं आडवं जायची तयारी फार थोड्यांची असते.

बर्फ जुना झाला की सूर्याचा विचार करा. गुलमर्ग ३४ अंश उत्तरेला आहे. आल्प्सच्या मानानं ऊन खूपच उभं पडतं, आणि दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांवर फेब्रुवारीत एका दुपारीत वरचा थर ओला होऊन रात्री कडक पापुद्रा धरतो. उत्तरेकडच्या, सावलीतल्या घळी मात्र उघडीप पडून आठवडा झाला तरी कोरड्या राहतात.

आणि वारा. वारा धारेच्या एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या, आडोशाच्या बाजूला नेऊन टाकतो. आकाश निरभ्र असतानाही रात्रीतून स्कीच्या जुन्या रेघा बुजून उतार पुन्हा कोरा होतो. बर्फावर उमटलेल्या लाटा आणि झाडांच्या एकाच बाजूला चिकटलेला बर्फ पाहून वारा कुठून आला ते कळतं. खोल पावडर त्याच्या विरुद्ध बाजूला.

पण वाऱ्यानं रचलेला हाच बर्फ घट्ट फळीसारखा बसतो. त्याच्याखाली थंड, स्वच्छ रात्रींत तयार झालेला सुटा, दाणेदार थर असेल तर स्कीच्या वजनानं ती फळी निखळते. सर्वांत खोल बर्फ आणि सर्वांत मोठा धोका बहुतेकदा एकाच आडोशाला सापडतात, म्हणून पावडर शोधायला शिकणं आणि हिमस्खलन ओळखायला शिकणं वेगळं करता येत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर दोन पोलिश आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एका रशियन स्कीपटूचा हिमस्खलनात मृत्यू झाला.

दोरीपलीकडे जाण्याआधी

गस्तीपथकाचं त्या दिवसाचं पत्रक वाचा. धोक्याची पातळी १ ते ५ असते. ३ म्हणजे मधलीच, असं समजू नका: या पातळीला माणसाच्या वजनानं उतार सुटू शकतो. हिमस्खलनं मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात आणि पावडरला मजा येते ती नेमकी याच उतारांवर. फोनमधलं कोन मोजणारं ॲप उतारावर ठेवलेल्या पोलला लावून मोजा. पातळी ३ असेल तर ३० अंशांखालीच राहा. वर उभा उतार लटकत असेल तर खालची सपाट जागाही धोक्यातच धरा. पायाखाली ‘हुंफ्’ असा दबका आवाज आला, स्कीपासून चिरा धावल्या किंवा शेजारच्या उतारावर ताजं स्खलन दिसलं, तर आल्या वाटेनं परत.

बीकन (गाडलेल्याचा ठाव सांगणारं रेडिओ यंत्र), फावडं आणि निदान २४० सेंटिमीटरचा प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची सळई) प्रत्येकाकडे हवा. गटात एकाकडे असून भागत नाही, कारण गाडला जाणारा तोच असू शकतो. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढलेली माणसं बहुतेक वाचतात, पुढे आशा झपाट्यानं कमी होते. म्हणजे वाचवणारे सोबतचेच, खालून कुणी वेळेत पोचत नाही. बीकन आतल्या कपड्यावर बांधा, फोन त्यापासून २० सेंटिमीटर लांब ठेवा आणि शोधताना ५० सेंटिमीटर. सकाळी एकानं उभं राहावं आणि बाकीच्यांनी एकेक करून त्याच्यासमोरून जावं, म्हणजे कोणाचं यंत्र बंद आहे ते तिथेच कळतं. शोधाचा सराव मैदानातल्या बर्फात पिशवीत गुंडाळलेलं बीकन पुरून करा. उतारावर एका वेळी एकच जण, बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून नजर त्याच्यावर.

पोलचे पट्टे मनगटातून काढा. स्खलनात पोल नांगरासारखे खाली ओढतात, आणि जंगलात फांदीत अडकला तर खांदा निखळतो. जंगलात मोठ्या झाडांच्या बुंध्याजवळ जाऊ नका. पसरलेल्या फांद्यांखाली पोकळ खड्डा असतो, त्यात डोकं खाली जाऊन अडकलेल्या माणसाला स्वतःहून सुटता येत नाही. जोडीदार सतत दिसत किंवा ऐकू येत राहिला पाहिजे, आवाज थांबला की दोघांनीही थांबायचं.

पहिली रेघ एखाद्यानं ओढलेली असेल तर तिला चिकटून आपली ओढा, उताराच्या मधोमध नको. मागून येणाऱ्यांना जागा उरते.

बाबा रेशी, द्रुंग किंवा टंगमर्गकडे जंगलातून उतरणाऱ्या वाटा गुलमर्गच्याही खाली जातात. तिथून वर यायला लिफ्ट नाही. वाट माहीत असलेला स्थानिक गाइड घ्या, गाडीवाल्याला कुठे आणि किती वाजता यायचं ते सकाळीच सांगून ठेवा, आणि खालच्या बाजूला बर्फ विरळ होऊन दगड-झुडपं उघडी पडतात तिथून स्की काढून चाला. उतरायला सुरुवात दुपारी दोनच्या आत करा. जानेवारीत जंगलात चारनंतर उजेड फार राहत नाही.